नानांचा न जळणारा रंग

धुळे, पश्चिम खानदेश
ता. २२ सप्टेंबर १९५४

तीर्थरूप रुपचंदनाना यांस, भाचा जीवराम याचा धुळ्याहून थेट रावेरपर्यंत लांबवलेला साष्टांग नमस्कार.

इकडे सर्व क्षेम आहे. प्रयोगशाळेतलं खिडकीजवळचं टेबल तेवढं त्यातून वगळावं. तिकडे आपल्या भुवया कशा आहेत? डावी उगवू लागली, उजवीचा अजून पत्ता नाही, असं मामींनी मागच्या पत्रात कळवलं होतं. लाकूड आगीपासून वाचवणारा रंग शोधून काढावा आणि तो लावलेल्या फळीला काडी दाखवताना स्वतःच्याच भुवया जाव्यात, हा मान फार थोड्या संशोधकांना मिळाला असेल. ऐन वेळी वारा फिरला, असं आपलं म्हणणं. मी कॉलेजात पोरांना नळ्या-चंचुपात्रं धरायला शिकवणारा माणूस. वाऱ्याबद्दल अधिकाराने बोलणं मला शोभणार नाही.

आपण पाठवलेले रंगाचे दोन डबे आणि उखर्डू मिस्त्री एस.टी.ने पोचले. (पारोळ्यापासून मिस्त्रींना गाडी लागली. डब्यांना काही झालं नाही.) रंगाची कृती वाचून मी थक्क झालो. चुना, तुरटी, टाकणखार, डिंक, इथपर्यंत कुठल्याही पुस्तकात मिळेल. पण केळीच्या खांबाचा रस ही खास आपली भर. केळीचा खांब कधी पेटलेला पाहिलास का, हा आपला सवाल बिनतोड आहे. (पेटलेली विहीरही मी पाहिलेली नाही; पण विहिरीचं पाणी रंगात घाला असं सुचवणार नाही, कारण ते आपण अगोदरच सढळ हाताने घातलेलं दिसतं.)

आता आपल्या आज्ञेविषयी. जळगावच्या भटूशेठच्या कपाशीच्या जीनचं अख्खं लाकडी छप्पर आपण श्रावणात याच मिस्त्रींकडून रंगवून घेतलंत, आणि आता विमा कंपनीचा माणूस म्हणतो की रंग आगीला दाद देत नाही असा प्रयोगशाळेचा कागद आणा. जगात आधी तपासणी होते आणि मग रंग लागतो. पण साखरपुडा झाल्यावर पत्रिका पाहायची आपल्या घराण्याची रीतच आहे, तेव्हा नवल वाटलं नाही. दसऱ्याला जीनचा मुहूर्त. कपाशीत एक खडा आला की सरकी काढणाऱ्या रेच्यात ठिणगी उडते, हे आपण जाणताच. आणि त्या छपराखाली आमची भिकुबाई अक्का धरून चाळीस बाया रेच्यांवर कपाशी टाकायला बसणार. म्हणजे हा कागद नुसता कागद नव्हे. अक्काला आपल्या रंगाचं कौतुक आहे, हेही सांगून ठेवतो. छप्पर इतकं चकचकीत झालंय की वर पाहिलं तर कुंकू नीट करता येतं, आणि आत शिरलं की तेलाच्या घाण्यावर आल्यासारखा वास येतो, असं ती पोळ्याला आली तेव्हा सांगत होती. चुन्याचा रंग चकाकतो कसा, असा प्रश्न मला तेव्हाच पडायला हवा होता. पण पुरणपोळी समोर असली की माझं शास्त्र मंदावतं.

पितृपक्षात नवं काम काढू नये म्हणतात. पण काम जाळायचंच असल्यामुळे प्राचार्यांनी परवानगी दिली. पद्धत अशी. सागाच्या वीतभर लांब, अंगठ्याएवढ्या जाड चिपा करायच्या. निम्म्या रंगवायच्या, निम्म्या कोऱ्या ठेवायच्या. वाळल्या की वजन करायचं, मग एकेक चिमट्यात तिरपी टांगून खाली स्पिरिटचा दिवा दोन मिनिटं धरायचा. दिवा काढल्यावर ज्योत किती वेळ राहते ते घड्याळात पाहायचं आणि उरलेल्या लाकडाचं पुन्हा वजन करायचं. यात कुठे मंत्र नाही, नारळ नाही, त्यामुळे पाहायला आलेल्या भटूशेठची थोडी निराशा झाली. चिपा करण्याचं आणि रंगवण्याचं काम मिस्त्रींनी आपल्याकडे घेतलं, आणि ते त्यांनी इतकं सुरेख केलं की जाळायला जीव होईना.

पहिली कोरी चिप पेटली. दिवा काढल्यावर मिनिटभर जळून विझली. लाकडाकडून याहून अधिक अपेक्षा नसते. मग आपली रंगवलेली चिप टांगली. भटूशेठ खुर्ची पुढे सरकवून बसले. पहिल्या अर्ध्या मिनिटात रंगाचे पापुद्रे सुटले, उडदाच्या पापडासारखे फुगले आणि खाली गळाले. पुढच्या अर्ध्या मिनिटात ती चिप अशी पेटली, की होळीला आपण वर्षभर उगाच गोवऱ्या जमवतो असं वाटलं. दिवा काढला, तरी काही फरक पडला नाही. तिला दिव्याची गरजच उरली नव्हती. वर तिच्यातून जळते थेंब टपकू लागले. एक थेंब टेबलावर, एक माझ्या वहीवर, एक खिडकीच्या पडद्यावर. प्राचार्य आत आले ते नेमके या वेळी. (ते एरवी महिन्यातून एकदा येतात.) आम्ही सगळे पाण्याची बादली शोधत असताना उखर्डू मिस्त्रींनी शांतपणे आपल्या रंगाचा अख्खा डबा उचलला आणि आगीवर ओतला. आग तत्क्षणी विझली. म्हणजे नाना, आपला रंग आगीला दाद देत नाही हे त्या दिवशी निर्विवाद सिद्ध झालं. फक्त तो डब्यातून द्यावा लागतो, ब्रशाने नाही. डब्यातला काही भाग प्राचार्यांच्या कोटावरही सिद्ध झाला. केळीच्या रसाचा डाग जात नाही, हे आपल्यासारख्या बागाइतदाराला मी काय सांगावं. पण प्राचार्य कोकणातले असूनही त्यांना ते ठाऊक नव्हतं. आता झालं आहे.

भटूशेठनी खुर्ची पुन्हा मागे सरकवली. टोपी उचलली आणि जळगावची गाडी किती वाजता आहे, तेवढं विचारलं.

मी मात्र आणखी दोन चिपा जाळल्या (मागल्या अंगणात, प्राचार्यांच्या खिडकीपासून लांब). तोच प्रकार. अशा वेळी आपल्याला कसं पत्र लिहावं याची वाक्यंही मी जुळवून ठेवली होती, आणि खोटं कशाला बोलू, त्यांतली काही फार चांगली होती. पण एक चिप सहज मोडून पाहिली, तर आत कडेने पिवळसर ओल झिरपलेली. नाकाला लावली. पोळ्याला अक्काने सांगितलेला घाणा समोर उभा राहिला. मिस्त्रींना बोलावून विचारलं, की रंगाच्या आधी लाकडाला काही लावता का? ते माझ्याकडे असे पाहू लागले, जसं मी त्यांना जेवणाआधी हात धुता का असं विचारलं असावं.

“तेल पाजतो ना भाऊ, जवसाचं. दोन हात. कोऱ्या लाकडाले तेल न पाजता रंग द्याचा? तसा सुतार मी नही.”

नानांच्या कृतीच्या चिठ्ठीत तेलाचं नाव नाही, म्हटलं आणि ती वाचून दाखवली. त्यावर म्हणाले, “चिठ्ठीत तं लाकडाले रंधा मारा असंबी लिहेल नही. म्हणून का मी तो मारू नको?”

 तीस वर्षं हा माणूस दारं-चौकटींना आधी तेल पाजत आला, आणि त्याची एक चौकट कधी फुगली नाही की तडकली नाही. तेलावर पाण्याचा रंग धरत नाही आणि जवसाचं तेल उत्तम जळतं, या दोन गोष्टी त्याच्या तीस वर्षांत कधी एका जागी आल्या नव्हत्या. त्या एका जागी आणायला आपल्यासारखा संशोधकच हवा होता. (आपल्या अंगणातली फळीही मिस्त्रींनीच तयार केली होती, असं ते म्हणतात. वाऱ्यावरचा आरोप आपण मागे घ्यावा.)

मग मी मिस्त्रींना चहाला बाजारात धाडलं, वखारीतून सागाची कोरी पट्टी आणली, स्वतः चिपा केल्या आणि स्वतः रंगवल्या. फार वेडीवाकडी कामं झाली. काल त्या जाळल्या. नाना, लिहिताना बोटं जड होतात, पण दिवा काढल्यावर सात आकडे मोजेपर्यंत ज्योत विझली. वर काळी कवची, आत लाकूड कोरंकरकरीत. तिन्ही चिपांचं तसंच. आपला रंग चांगला आहे. केळीच्या रसासकट. माझी जुळवलेली वाक्यं वाया गेली, याचं दुःख मी एकट्याने सोसतो आहे.

कागद लिहून तयार आहे. मामींना नमस्कार. उजव्या भुवईला आशीर्वाद.

आपला आज्ञाधारक
जीवराम

ता. क. – कागद तयार आहे, पण माझ्या कपाटात आहे. काल मिस्त्रींना विचारलं, भटूशेठच्या छपराला तेलाचे किती हात दिले? म्हणाले, “तीन. म्हातारे वासे व्हते भाऊ, लय तहानेले.” तेव्हा या पत्राचा खरा मजकूर हा: दसऱ्याला जीन सुरू होता कामा नये. ते छप्पर रंगवण्याआधी जेवढं जळलं असतं, त्याच्या तिप्पट आता जळेल. आपण स्वतः जळगावला जाऊन भटूशेठला हे सांगावं. मी सांगितलं तर भाचा मामावर जळतो म्हणतील, आणि आपल्या सांगण्यावर ते विश्वास ठेवतील, कारण स्वतःच्या तोंडाने असली गोष्ट कबूल करायला कुणी मुद्दाम रावेरहून येत नाही. आपल्याला ते जड जाईल, हे मला कळतं. भुवया दाखवा, काम सोपं होईल.

ता. क. दुसरा – अक्काला मी कालच संध्याकाळच्या एस.टी.ने निरोप धाडला होता. तिचं उत्तर आलं: वासे तासून पांढरे केल्याशिवाय एकही बाई आत पाय टाकणार नाही, नानाले म्हणा, दसऱ्याचं सोनं बाहेरच वाटू. तासलेल्या छपराला आपला रंग, नुसता आपला रंग, दोन हात लागला आणि मी तो डोळ्यांनी पाहिला, की कागद त्याच दिवशी भटूशेठच्या हातात देईन.

ता. क. तिसरा – छप्पर तासायला उखर्डू मिस्त्री राजी आहेत, आणि हे पत्र तेच घेऊन येत आहेत. त्यांना लिहितावाचता येत नाही, म्हणून त्यांनी मला एवढं आवर्जून लिहायला सांगितलं, की तासलं की लाकूड फार कोरडं पडतं, तेव्हा रंगाआधी तेलाचा निदान एक हात. मी नाही म्हटलं. ते मान डोलावून हसले आणि बाजारातून मोठा डबा घेऊन आले. तो एस.टी.च्या टपावर आहे. हे वाक्य खरं म्हणजे पत्राच्या पहिल्या ओळीत यायला हवं होतं: आधी डबा ताब्यात घ्यावा, मग पत्र उघडावं.