दोन्ही तारा लाल

रायपूर, मंगळवार, १३ मार्च २००१, संध्याकाळ

आमच्या घराचं वायरिंग करणाऱ्या फिटरभैयाने हे चुकून केलं की जाणूनबुजून? मला खरंच सांगता येत नाही.

काल आईने बटण बंद करूनच स्वयंपाकघरातला बल्ब पुसायला काढला, तरी होल्डरचा झटका बसला. भैया आज गुढियारीहून आला, पण बोर्ड उघडलाच नाही. "दीदी, बटन से लाइट बुझती है ना? फिर?" म्हणून हसला. बाबाही हसले. ओळखीचा माणूस ना!

तो गेल्यावर बटण बंद ठेवून मी होल्डरला टेस्टर लावला. पेटला! मग मेन पाडून बोर्ड उघडला. दोन्ही तारा लाल. बटणाने तुटते ती करंट आणणारी नाही, परतीची तार; करंट होल्डरमध्ये तसाच. पण परतीची तार काळी असते, मग दोन्ही लाल का? दुसरा रंग संपला होता, की चूक कुणाला दिसू नये म्हणून?

"काहून वं पोट्टी, आता भिंतीवरही संशय घेऊन राहिली?" आई म्हणाली. हात मात्र अजून चोळतेच आहे.

बाबा म्हणतात, उगाच माणूस दुखवू नको. घरातली पहिली बी.एस्सी. मी, आणि मीच गप्प बसू?

स्वयंपाकघराचा फ्यूज मी काढलाय. माझ्या पदवीच्या फाइलमध्ये आहे. भैया माझ्यासमोर तारा बदलेल तेव्हाच मिळेल, हे बाबांना सांगूनही झालं.