कडी नसलेली चार दारं

१८ नोव्हेंबर, मंगळ.

ईशाला परत ताप. परत तीच जळजळ. सकाळी लघवीला बसली आणि रडायलाच लागली. कंपनीत फोन केला, आज येत नाही म्हणून. सुपरवायझर म्हणाला, "जगतापबाई, ह्या महिन्यात दुसऱ्यांदा." म्हणलं, पोरगी आजारी पडताना महिना बघत नाही.

डॉक्टरबाईंनी रिपोर्ट बघितला. दिवाळीआधी झालं होतं तेच इन्फेक्शन. मला काही न विचारता तिलाच विचारलं, "बाळा, शाळेत पाणी पितेस का?"

"नाही."

"का गं?"

"प्यायलं की जावं लागतं."

"मग जायचं."

"तिथं कडी नाही. मुलं दार ढकलतात नि पळतात."

सात ते साडेबारा. साडेपाच तास ही पोरगी दाबून बसते. तिसरीत आहे. आणि मला आज कळतंय.

२० नोव्हें., गुरु.

कामावर उशिरा येते सांगून शाळेत गेले. मुलींचं संडास स्वतः जाऊन बघितलं. चार दारं. एकालाही कडी नाही. एक खालून कुजलंय, पाय दिसतात. दुसऱ्याला कुणीतरी सुतळी बांधलीय, आतून धरून बसायला. नळाला पाणी नाही, बाहेर एक ड्रम.

महापेला आमच्या कंपनीत संडासात दहा मिनिटांच्या वर गेली की सुपरवायझर घड्याळाकडं बघतो. पण कडी आहे. लाज राखायला एवढं तरी असतं कुठंही.

मुख्याध्यापिका बाईंकडे गेले (इथून पुढं मु.बाई, वहीत एवढं लांब लिहायला वेळ नाही). त्या खाली बघत म्हणाल्या, "मी तीन पत्रं दिलीत संस्थेला. उत्तर नाही." मग हळूच, "पुढच्या महिन्यात आनंद मेळावा आहे ना. पालक संघात या तुम्ही. तिथं विषय काढा. माझं नाव नका घेऊ."

सरळ बाई. पण घाबरट.

२२ नोव्हें., शनि.

पालक संघाची मीटिंग. दहा-बारा आया, दोन वडील. एक तर मोबाईलच बघत होते. टेबलाच्या पलीकडे संस्थेचे सचिव. सगळे त्यांना 'सर' म्हणतात, शिकवत काहीच नाहीत.

सरांनी सांगून टाकलं, यंदा मेळाव्यातून जे जमेल त्याचा गेटवर लाइटचा फलक. शाळेचं नाव रात्री लांबून दिसलं पाहिजे.

मी हात वर केला. म्हणलं, "सर, त्याआधी मुलींच्या संडासाला कड्या बसवू या का?"

मागं कुणीतरी खुसखुसलं. सर हसले, "मॅडम, हा विषय इथं नको. पुरुषमंडळी बसलीयत."

तेवढ्यात मागून एक आवाज, खणखणीत. "का नको? पुरुषमंडली जात नाय काय?"

ही दर्शना पाटील. गावातली, मूळची इथलीच. आम्ही सेक्टरवाले, बिल्डिंगीतले, नंतर आलो. तिचा मुलगा चौथीत, मुलगी पहिलीत. मीटिंग संपल्यावर माझा हात धरून म्हणाली, "माजी पोरगी रोज घरी येऊन चप्पल पन काडत नाय, आदी मोरीत पलते. मला वाटलं सवय हाय तिची."

२३ नोव्हें., रवि.

ह्यांच्या कानावर गेलंच. मार्केटात बरोबरचा एक माथाडी आहे, त्याची बायको मीटिंगला होती. दुपारी घरी आले, ताटावर बसले. मग, "चारचौघात असलं बोलायची काय गरज होती?"

"मग कुठं बोलायचं?"

"त्या बाईंच्या कानात सांगायचं."

"सांगितलं. त्यांनी तीनदा लिहिलं. झालं काय?"

जेवले. ताट उचलून स्वतः घासलं. म्हणजे राग आहे पण माझ्यावर नाही. कुणावर ते त्यांनाही माहीत नसावं.

२७ नोव्हें., गुरु.

तीन दिवस सकाळी शाळेच्या गेटवर. दर्शना एका बाजूला, मी एका बाजूला. प्रत्येकीला एकच प्रश्न, तुमची मुलगी शाळेत लघवीला जाते का?

एक जण मुलीला सकाळी दूध अर्धाच कप देते, मुद्दाम. एकीची मुलगी भिंतीमागं जाते, मैत्रीण फ्रॉक धरून आडोसा करते. एकीनं सांगितलं, "माझी नखरेल आहे हो, बाहेर कुठं जातच नाही." नंतर माझ्याकडं बघून थांबली. "नखरे नाहीत का ते?"

प्रत्येकीला वाटत होतं आपलीच पोरगी तशी.

२९ नोव्हें., शनि.

दुसरी मीटिंग. ह्या वेळी आम्ही वीसच्या वर. खुर्च्या कमी पडल्या.

सरांना वाटलं नव्हतं. मग सूर बदलला. बरं, एक स्टॉल तुम्ही घ्या, त्याचं जे येईल ते तुमच्या कामाला. फक्त पोस्टरवर 'विद्यार्थिनींचे आरोग्य' असं लिहा.

मी म्हणलं, "संडास लिहू."

"अहो, निदान स्वच्छतागृह तरी!"

"स्वच्छ असतं तर लिहिलं असतं."

हशा. सरांचा चेहरा लाल. "शाळेची बदनामी करायचीय का तुम्हाला? ज्यांना शाळा पसंत नाही त्यांनी दाखला घेऊन जावा. ॲडमिशनसाठी रांग आहे आमच्याकडे."

ह्यावर बऱ्याच जणी खाली बघायला लागल्या. मीही बघितलं. खोटं कशाला लिहू. घरी येईपर्यंत ठरवत होते, बास, सोडून द्यावं.

घरी आल्यावर मात्र डोकं फिरलं. दाखला घेऊन जावा! जणू काय आम्ही भाड्यानं राहतोय त्यांच्या घरात.

२ डिसेंबर, मंगळ.

आज सगळ्यात वाईट दिवस.

ईशा शाळेतून आली. दप्तर फेकलं. शेवटी म्हणाली, "तू सगळ्यांना सांगितलंस मला काय झालंय ते?"

वर्गातल्या एका मुलीनं तिला विचारलं, तुला सूसूचा आजार आहे का?

मी गेटवर बोलताना तिचं नाव घेतलं होतं. घेतलं होतंच. दुसरीनं तिचं सांगावं म्हणून आधी आपलं सांगायचं, असं करत गेले. पोरीला एका शब्दानं विचारलं नाही. तिच्या बाजूनं भांडतेय म्हणून मिरवत होते, आणि ती वर्गात...

माफी मागितली. तोंड फिरवून बसली. बरोबरच आहे.

३ डिसें.

बोलत नाही. वेणी स्वतःच घातली, वाकडी.

५ डिसें., शुक्र.

ईशा स्वतःहून आली. मी भाकरी थापत होते. मागं उभी राहून म्हणाली, "माझं नाव सांगू नको कुणाला."

"नाही सांगणार."

"पण दाराचं सांग."

तवा तसाच ठेवून तिला जवळ घेतलं. पिठाचे हात लागले युनिफॉर्मला. ओरडली माझ्यावर. बरं वाटलं.

८ डिसें., सोम.

शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपमधून मला आणि दर्शनाला काढून टाकलंय. कारण नाही, काही नाही. 'ॲडमिनने तुम्हाला काढले.' बास.

दर्शनानं तासाभरात नवा ग्रुप काढला. नाव 'कडी'. मी म्हणलं, अगं काहीतरी बरं नाव दे. ती म्हणाली, "बरं नाव दिऊन काय भेटलं आतापरीन?"

संध्याकाळपर्यंत बत्तीस जणी. काही फक्त वाचतात, एक अक्षर लिहीत नाहीत. पण बाहेर पडत नाहीत.

१३ डिसें., शनि.

स्टॉलचं ठरलं. दर्शनाकडून तांदळाच्या भाकऱ्या आणि वालाच्या शेंगांची पोपटी, गावात मडक्यात भाजून आणणार. माझ्याकडून खर्डा आणि पिठलं. सेक्टर पंधराच्या एक ताई आवळ्याचं सरबत करतील. बाकीच्या वाढायला.

मेळाव्याचा नकाशा आला. आमचा स्टॉल कुठं? मैदानाच्या शेवटच्या कोपऱ्यात, संडासाला लागून. वास येतो म्हणून तिथं दरवर्षी सायकली लावतात. सरांनी स्वतः पेन्सिलनं खूण केलीय म्हणे.

मी चिडले. दर्शना इतकी हसली की खोकलाच लागला. "अगो येडे, त्याला कललं नाय त्यानं काय दिलं आपल्याला!"

१६ डिसें., मंगळ.

दर्शनाचा दीर फर्निचरचं काम करतो. कड्या तोच आणणार. मी ह्यांच्यासमोर फोनवर बोलत होते. हे पेपर वाचत होते. पेपर खाली न करता म्हणाले, "ॲल्युमिनियमच्या घेऊ नका. पोरं ओढतात, वाकतात. स्टीलच्या घ्या."

एवढंच. परत पेपर.

२० डिसें., शनि. मेळावा.

सगळं लिहायचंय, हात दुखतोय तरी.

पहाटे नाही, चांगलं उजाडल्यावर सातला पोचलो आम्ही सहा जणी. ब्रश, ॲसिड, बादल्या. आधी संडास घासलं. दहा वाजेपर्यंत वास गेला. मग स्टॉल लावला. ईशानं आणि दर्शनाच्या लेकीनं रंगवलेला बोर्ड वर: 'मुलींच्या संडासाला कडी हवी. म्हणून हा स्टॉल.' 'संडास'वर अनुस्वार द्यायला विसरल्या होत्या, मी स्केचपेननं दिला.

येईल त्या बाईला दर्शना आधी दारं दाखवायची, मग भाकरी द्यायची. "आदी हे बगा, मंग खावा." पुरुषांनाही. एक आजोबा त्या सुतळीकडं बराच वेळ बघत उभे राहिले. नातीचं बोट धरलेलं. पोपटी घेतली, सुट्टे परत घेतले नाहीत.

दुपारी प्रमुख पाहुणे आले, सरांचे कोणी मोठे मित्र. बरोबर त्यांची बायको, भरजरी साडी. थोड्या वेळानं एक शिक्षिका त्या बाईंना घेऊन घाईघाईनं आमच्या कोपऱ्याकडे. स्टाफच्या टॉयलेटची चावी कुणाकडे आहे तेच कळेना. बाईंचा जीव कासावीस. दर्शना पुढं झाली. "जावा तुमी आत. मी दार धरते."

आणि धरलं. दोन्ही हातांनी, पाठ टेकवून, मैदानाकडं तोंड करून. स्टेजवरून सगळं दिसत होतं.

बाई बाहेर आल्या. हात धुतले. बोर्ड वाचला. मला विचारलं, "मुली रोज अशाच जातात?"

"जातच नाहीत."

त्यांनी मान हलवली. परत जाऊन नवऱ्याशेजारी बसल्या आणि मग सर जे जे बोलले त्याला एकदाही टाळी वाजवली नाही. मी बघत होते.

सरांचं भाषण सुरू झालं तेव्हा दर्शनाचा दीर आला ड्रिल घेऊन. मंडपाच्या एक्स्टेन्शनमधून वायर ओढली. मी म्हणलं, भाषण संपू दे. तो म्हणाला, "वैनी, मना पाचला बेलापूरला जायाचा हाय."

म्हणलं, लाव मग.

घर्रर्र. सर थांबले. परत सुरू केलं. परत घर्रर्र. माईकवरून, "कोण आहे तिकडे? काय चाललंय?" सगळं मैदान मागं वळलं. म्हणलं, मोठ्यानं म्हणलं, "कड्या लावतोय, सर! दोन झाल्या, दोन राहिल्या."

कुणीतरी टाळी वाजवली. मग बऱ्याच वाजल्या.

चार कड्या. स्टीलच्या.

मुलींची रांग लागली. काहींना जायचं नव्हतंच. नुसत्या आत जाऊन कडी लावायच्या, काढायच्या, हसत बाहेर यायच्या. ईशा दोनदा गेली. मी विचारलं नाही.

२२ डिसें., सोम.

मुलींच्या संडासाच्या बाहेरच्या ग्रिलला कुलूप. वर कागद: 'दुरुस्तीसाठी बंद.'

दुरुस्तीसाठी!

गेटवरच बातमी कळली. आम्ही पाच-सहा जणी आत घुसलो. मु.बाई ऑफिसात उभ्या होत्या, बसलेल्या नव्हत्या. मला वाटलं आता सांगतील, माझ्या हातात काही नाही. त्यांनी ड्रॉवर उघडला, स्टाफ टॉयलेटची चावी काढली, स्वतः व्हरांड्यात गेल्या आणि तिसरीच्या वर्गाबाहेर खिळ्याला अडकवली. म्हणाल्या, "मुलींनो, आजपासून स्टाफच्या टॉयलेटला जायचं. विचारायचं नाही कुणाला."

मग आम्हाला, "माझी रिटायरमेंट दोन वर्षांवर आहे. काय करतील?"

बाईंना घाबरट लिहिलं होतं मी. खोडत नाही. तेव्हा होत्या.

दुपारी पत्र आलं, माझ्या एकटीच्या नावानं. विनापरवाना शाळेच्या मालमत्तेत फेरफार, कार्यक्रमात व्यत्यय, संस्थेची बदनामी. बुधवारी अकरा वाजता लेखी माफीनाम्यासह हजर राहावे, अन्यथा पाल्याच्या प्रवेशाबाबत पुनर्विचार.

पाल्य म्हणजे ईशा.

२३ डिसें., मंगळ.

माफीनामा लिहायला बसले. कामावरून आल्यावर, चहा झाल्यावर. तीन कागद फाडले. पहिल्यात फारच भांडले. दुसऱ्यात फारच वाकले. तिसरा बरा होता पण माझा वाटत नव्हता, वकिलाचा वाटत होता.

ह्यांनी विचारलं, "दाखला दिला तर?"

"दुसरी शाळा."

"तिथं पण कडी नसली तर?"

दोघंही हसलो. मग हसू थांबलं. तिच्या मैत्रिणी इथं आहेत. वर्गशिक्षिका चांगली आहे. घरापासून चालत सात मिनिटं. हे सगळं पणाला लावतेय मी, आणि ते माझं एकटीचं नाही.

ईशाला विचारलं ह्या वेळी. नीट समोर बसवून, सगळं सांगून. ती बराच वेळ पेन्सिलीला टोक करत राहिली. मग, "सॉरी लिहिणार तू?"

"तू सांग."

"तू काय चुकलीस?"

चौथा कागद. चार ओळी. 'कड्या आम्ही लावल्या. स्टॉलचे पैसे ह्याच कामाला, असे सभेत ठरले होते. कुलूप काढावे. माफी मागण्यासारखे माझ्या हातून काही झालेले नाही. सुवर्णा जगताप, पालक, इयत्ता तिसरी.'

फोटो काढून ग्रुपवर टाकला. आधी दर्शना: 'माजा बी नाव टाक.' मग अजून एक. मग अजून. ज्या कधी बोलत नव्हत्या त्यातल्याही दोघी.

२४ डिसें., बुध.

संस्थेच्या ऑफिसबाहेर, बाकावर बसून लिहितेय. अकराला दहा कमी. बिनपगारी रजा.

येते म्हणालेल्या चौदा. आल्या नऊ. बाकीच्यांना दोष नाही, कुणाची सासू, कुणाची ड्युटी. हे मार्केटातून परस्पर आलेत, जिन्याखाली उभे आहेत, वर यायला लाजतात.

शिपाई आत्ता सांगून गेला, "सरांनी सांगितलंय, जगतापबाईंनी एकटीनंच यायचं. आत एकच खुर्ची आहे."

दर्शना म्हणाली, "आमाला बसायचं नाय. उभ्या राहू."

आत फोन चालू आहे सरांचा. कुणाशी तरी हळू बोलतायत. 'हो वहिनी, हो वहिनी' ऐकू येतंय. कोण वहिनी, काय माहीत. मेळाव्याच्या पाहुण्यांच्या मिसेस असतील. नसतीलही.

फोन ठेवला.

दार उघडलं. नाव माझ्या एकटीचंच घेतलं.

सगळ्याच उठलो.