रस्त्याची वाटणी

भरे, १० नोव्हेंबर २०२५

चि. सौ. उषास,
अ. उ. आ. फोनवर बोललं की धाकटी जाऊ शारदा भिंतीपलीकडून ऐकते, म्हणून दूधवाल्याबरोबर ही चिठ्ठी. कासारसाईकडे जाणारा अख्खा रस्ता मोकळा, आणि तिनं पिठलं-भाकरी विकायला मांडली ती माझ्या रस्त्याकडेच्या चुलीला खेटून! धरणावर फिरायला निघालेली हिंजवडीची पोरं तिच्याकडे वळली की माझ्या अंगाचा तिळपापड होतो. सासऱ्यांकडे गाऱ्हाणं नेलं. त्यांनी शेत वाटावं तसा रस्ताच वाटला. मधल्या चिंचेखाली दगड पुरला आणि हद्द ओलांडणार नाही म्हणून दोघींना शपथेचा भंडारा उचलायला लावला. भरेकडची बाजू माझी, धरणाकडची तिची. आता सुटले.
तुझी, नलूताई

भूगाव, १७ नोव्हेंबर

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि. रस्ता काय तुझ्या मामंजींच्या सातबाऱ्यावर चढलाय? आमच्या सोसायटीखाली सगळे भाजीवाले एकाच कोपऱ्यात भांडत बसतात. पलीकडे एकटी बसते तिच्याकडे मी कधी थांबत नाही. तिचा माल बरा नसेल, असं उगाच वाटतं. तू जरा जपून. माया आहेच, रागावू नकोस.
तुझी, उषा

भरे, १५ डिसेंबर

चि. सौ. उषास,
अ. उ. आ. तुझं खरं ठरलं, म्हणून तुझाही राग आलाय. एकटीच्या चुलीपुढं गाडी हळू होते, पोरं डोकावतात आणि पुढं बरं मिळेल म्हणून निघून जातात. शारदाचीही तीच रड. मग ती हळूहळू चिंचेकडे सरकायला लागली. मधे बसेल ती दोन्हीकडची गिऱ्हाइकं ओढणार, म्हणून मीही सरकले. आता दोघी दगडाच्या अल्याडपल्याड बसतो. गर्दी पुन्हा लागली, पण बोलणं नाही.

काल शारदा तापानं फणफणली, आली नाही. माझ्या भाकऱ्या गार झाल्या तरी एक गाडी थांबेना. इतका संताप आला की भंडारा विसरून दगड ओलांडला, तिची चूल पेटवली आणि तिच्या तव्यावर माझ्याच पिठाच्या भाकऱ्या टाकल्या. लगेच गाड्या थांबल्या. एका पोरीनं विचारलं, चांगलं कुठलं? मी शारदाचं दाखवलं.

संध्याकाळी तिच्या उशाशी बसून सांगितलं, लवकर बरी हो, मला एकटीनं बसवत नाही. ती भिंतीकडे तोंड करून म्हणाली, “येते, आक्का. पर दगड हाय तितंच ऱ्हाऊ द्या.”

तुझा लोभ तेवढा बिनहद्दीचा ठेव.
तुझी, नलूताई