पोटखराब नव्हे, भाताची जमीन

मी, सखू गोटीराम मढवी, वय अठ्ठ्याहत्तर, राहणार शिरवणे गाव, नेरुळ, नवी मुंबई, हे मृत्युपत्र कोणाच्याही सांगण्यावरून नव्हे, स्वतःच्या मनाने लिहिते. गुडघे गेले आहेत, डोकं जागेवर आहे. डॉक्टरांनी तसं लिहूनही दिलंय.

१. शिरवण्याचं राहतं घर व त्याची भाडी मुलगा विपुल याला. बँकेतील ठेव व दागिने मुलगी सोनल हिला. पितळेचं मोठं पातेलं कोणी मागू नये, ते गावातल्या लग्नांसाठी आहे.

२. तळोज्यापलीकडे खाडीलगतची जमीन मला माझ्या वडिलांकडून आली. बांध फुटल्यापासून ती पडीक होती. सातबाऱ्यावर नोंद पोटखराब, म्हणजे लागवडीला निकामी. विपुलने त्याचा भलताच अर्थ लावला. "आई, तिथला भात खाल्ला का पोट बिगडतं. सरकारनंच लिवलंय!"

आम्ही पोट धरून हसलो. सून नमिता मात्र कुदळ शोधायला गेली. ती घाटावरची, मृदा सर्वेक्षणात नोकरीला. कमरेएवढा खड्डा खणून आत उतरली, सुरीने थर खरवडले, ओल्या मातीची बोटांत पट्टी काढली. म्हणाली, "आई, ही चिकण माती, पाणी धरून ठेवते. वरचा खार पावसात धुऊन निघेल. भाजीपाला नाही येणार, भात येईल." तिने उभं राहून बांध घालून घेतला आणि खाडीचं पाणी अडवणारी उघाडी दुरुस्त केली. भात आला. एवढी शिकलेली आणि चिखलात एवढी रमणारी बाई मी दुसरी पाहिली नाही. मला तिचा फार अभिमान आहे.

३. आता एक गोदामवाला ती जमीन विकत घेऊन तिथे भराव टाकायला टपलाय. विपुल नमिताला म्हणाला, "तू नुसतं लिवून दे, जमीन भाताच्या लायक नाय. तुजी सही चालते."

ती म्हणाली, "लायक आहे. मी खड्ड्यात उतरून बघितलंय."

तेव्हापासून विपुल तिच्याशी बोलत नाही, माहेरी जा म्हणतो. पोटचा मुलगा असला तरी हे मला पटलेलं नाही.

४. सबब सदर जमीन मी नमिताला, तिच्या एकटीच्या नावे देते. विपुलने हरकत घेऊ नये. अंमलबजावणी सोनलने करावी. वकिलांनी "माझी सून नमिता" असं लिहिलं होतं, त्यातले "माझी सून" हे शब्द मी खोडायला लावले. उद्या ती या घरची सून राहिली नाही, तरी जमीन तिचीच.

सही: सखू गोटीराम मढवी
आमच्यासमक्ष सही केली, साक्षीदार: धनाजी भोईर, सुनयना घरत
ठिकाण: शिरवणे
दिनांक: १२ जानेवारी २०२५