चारची वेळ

प्रिय दादा,

सोमवारी अप्पांना वृद्धाश्रमात न्यायचं, असं आपण ठरवलं आहे. फॉर्मवर अजून सही केली नसशील, तर हे वाचून होईपर्यंत करू नकोस. फोनवर तू मला मध्येच तोडतोस, म्हणून लिहिते आहे.

दुकानातला अप्पांचा नियम आठवतो? नवी किल्ली घासायची ती बाराच्या आत. दुपारी फक्त कुलपांना तेल आणि खोक्यांची आवराआवर. गिऱ्हाईक कितीही घाईत असो, जेवणानंतर ते कानशीला हात लावत नसत. आपण त्यांना आळशी म्हणून हसायचो.

घरातही मी तेच चालवते. आंघोळ, दाढी, बँकेचे कागद, सगळं सकाळी. नऊ ते बारा अप्पा तुझ्यामाझ्यापेक्षा शहाणे असतात. परवा शेजारणीचं अडकलेलं कपाट त्यांनी दहा मिनिटांत उघडलं आणि वर तिलाच दम भरला. जेवण झालं की मी त्यांच्यापुढे जुन्या किल्ल्यांचा डबा ठेवते. लहान-मोठ्या वेगळ्या करत बसतात. साडेतीननंतर मात्र मी कोण, हेही त्यांना कळत नाही. बाई, तुमचं कुलूप उद्या मिळेल, म्हणतात. तू नेमका संध्याकाळी सातला फोन करतोस, त्यामुळे तुझ्या वाट्याला हेच अप्पा येतात.

काल चार वाजता दवाखान्यात त्यांच्या स्मरणशक्तीची तपासणी झाली. महिना कोणता, ही तुमची कोण, एक घड्याळ काढून दाखवा. त्यांना काही म्हणजे काही आलं नाही. नुसते शर्टाचं बटण चाचपत राहिले. माझा जीव तुटत होता, तरी सकाळी ते असे नसतात, हे मी डॉक्टरांना सांगितलं नाही. घरी ठेवणं शक्य नाही, असा अहवाल संध्याकाळीच तुला मिळाला. तुला तो पटला. पटणारच.

दादा, दवाखान्यातल्या बाईंनी मला विचारलं होतं, सकाळी दहा की दुपारी चार? मी चार म्हटलं. जाणूनबुजून. माझ्याही अंगात जीव असतो तो सकाळीच, आणि सात वर्षांत एकही सकाळ माझी नाही. शिवणयंत्रावर बसते ती दुपारी, डोळे मिटत असताना, अर्धं लक्ष त्यांच्याकडे ठेवून. गेल्या महिन्यात दोन गिऱ्हाइकांचे कपडे उसवून पुन्हा शिवले. मी थकले आहे, रे. माझ्या तोंडून ‘नाही’ निघत नव्हतं, म्हणून ते डॉक्टरांकडून म्हणवून घेतलं.

आज सकाळी चहा पिताना अप्पांनी विचारलं, काल डॉक्टरांपुढे माझी फजिती झाली ना? मग स्वतःच म्हणाले, सकाळची वेळ मागायला हवी होती, तुझ्या गडबडीत राहून गेलं असेल, असू दे.

शनिवारी दहाची वेळ घेतली आहे. तू ये, त्यांच्या शेजारी बस. डॉक्टर काहीही म्हणोत, रोजच्या दुपारी कोण सांभाळणार तेही बोलू, एकटीने मला जमत नाही. मी काय केलं ते अप्पांना अजून सांगितलेलं नाही. आत्ता दुपारी सांगितलं तर संध्याकाळपर्यंत विसरतील, आणि मला तेवढंच हवं आहे असं वाटेल. उद्या नऊ वाजता सांगणार आहे, त्यांना सगळं समजत असताना.

अजूनही तुझीच,
धाकटी