धाकटीची नस जिवंत निघाली

आई, धाकटीला पुन्हा ऐकू येऊ लागलंय. मला नाही. तू गेलीस तेव्हा तिचे कान चांगले होते, म्हणून तुला मुळापासून सांगायला हवं. गेल्या काही वर्षांत तिचं ऐकणं कमी होत गेलं, कानाला मशीन लावूनही भागेना. तेव्हा तिची मुलगी आम्हा दोघींना गाडीत घालून इंदूरच्या मोठ्या दवाखान्यात घेऊन गेली. हल्ली ऑपरेशन करून कानाच्या आत एक यंत्र बसवतात. ते आवाज मोठा करत नाही, सरळ नसेलाच करंट देतं. पण त्यासाठी नस जिवंत हवी. माझे कान क्षयाच्या इंजेक्शनांनी गेले त्याला आता पस्तीसेक वर्षं होतील. डॉक्टरांनी कागदावर मला लिहून दिलं, 'इतने साल नस को काम नहीं मिला, पहले उसे जाँचना पड़ेगा.'

ती जाँच अशी. कान बधिर करून पडद्यातून एक बारीक सुई आतल्या हाडापर्यंत नेतात आणि तिच्यातून थोडा थोडा करंट सोडतात. आवाज आला की हात वर करायचा. पहिला नंबर धाकटीचा. मी समोर बसले होते. दोन-तीन खेपांतच तिचा हात वर गेला. "किड्यासारखं किर्र वाजलं," ती म्हणाली आणि हसली. तिच्या ओठांवरून मी ते वाचलं आणि मला तिच्याकडे बघवेना. मग मी आडवी झाले. टोचल्यासारखं झालं, कान गरम झाला, आवाज मात्र नाही. डॉक्टर करंट वाढवताहेत, माझ्या तोंडाकडे बघताहेत, शेजारी धाकटी उभी. मी हात वर केला. डॉक्टर मला कळेल असं सावकाश म्हणाले, "अभी तो बंद था, बहनजी." मी हात खाली घेतला. उजवीकडे काहीच मिळालं नाही. डावीकडे अगदी शेवटी काहीतरी थरथरलं, तो आवाज होता की नुसती थरथर, मला सांगता आलं नाही. एमआरआयमध्येही नस बारीक दिसली. ऑपरेशन करता येईल, पण बोललेलं समजेल असा भरवसा देता येणार नाही, असं त्यांनी भाचीला सांगितलं. मी नको म्हटलं.

मी तिच्यावर जळते हे तुला नवीन नाही. इंजेक्शनांचा कोर्स संपवून मी घरी आले तेव्हा तुम्ही दोघी स्वयंपाकघरात असायच्या. तू पोळ्या लाटतेयस, ती शेजारी उभी राहून कॉलेजातलं काहीतरी सांगतेय, दोघी पाठमोऱ्या, आणि तुझे खांदे हसण्यानं हलताहेत. एकदा मी ताट आपटलं. दुसऱ्या दिवसापासून शाळेत शिकवून आलीस की मला नदीच्या राम घाटावर नेऊ लागलीस. पायरीवर बसवून समोर पिंडदानाचे विधी सांगणाऱ्या पंड्याकडे बोट दाखवायचीस.

"काय म्हणतोय सांग."

"दादाजी का नाम बोलिए."

"पुढे?"

"यजमानाला आठवत नाहीये."

मग तू हसायचीस. चुकले तर रागवायचीस, "अंदाज नको करूस. नीट बघ." ओठ वाचायला मी तशीच शिकले.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी मी धाकटीचे कपडे बॅगेत भरत होते. तिनं माझा हात धरून मला समोर वळवलं. "ताई, आई तुला घाटावर न्यायची तेव्हा मी घरी कणीक मळत असायचे," ती म्हणाली. "माझ्याशी ती कधी अशी समोर बसून बोलली का?" मी चकित झाले. इतकी वर्षं तीही माझ्यावर जळत होती. हे कळल्यावर माझं जळणं कमी व्हायला हवं होतं. झालं नाही. तुझा आवाज तिला अगदी शेवटपर्यंत मिळाला. मला तो कसा होता तेही आता आठवत नाही, आणि तिला तो परत मिळणार होता.

यंत्र सुरू होऊन काही आठवडे झाले आहेत. भाचीच्या बारशाला तू म्हटलेला पाळणा कॅसेटवर होता, तो तिनं मोबाइलवर उतरवून घेतलाय. परवा दुपारी तिनं तो धाकटीला लावून दिला. मी धाकटीच्या चेहऱ्याकडे बघत होते. ती मान तिरकी करून ऐकत राहिली, मग तिचा चेहरा उतरला. "ही आई नाही," ती म्हणाली. "डब्यातून कुणीतरी बोलतंय." भाची समजावत होती, सुरुवातीला सगळ्यांना असंच वाटतं, सराव केला की जमतं. धाकटी रडायला लागली. मी तिला जवळ घेतलं. "येईल ओळखू, वेळ लागेल," मी म्हटलं, आणि ते खरंही आहे.

हे लिहून झालं की फाडून टाकणार आहे. माझं कपाट तीच आवरते, तिच्या हाती लागायला नको. तिच्या पाठीवरून हात फिरवत होते तेव्हा, आई, मला बरं वाटत होतं.