पोपटीत गेलेलं तूस

सौ. मालूताईस,

पेणहून आदेशचा वाकून नमस्कार. तुझी कंबर आता कशी आहे? म्हैस, पोरं, भावोजींची शिफ्ट, सगळं ठीक असेल असं धरून चालतो. (फोनवर तू मध्येच हसली असतीस नाहीतर मध्येच ठेवला असतास, म्हणून हे पत्र टेम्पोवाल्या निकेशबरोबर पाठवतोय.)

तू दिलेलं भाताचं तूस आठवतंय ना? ते जाळून त्याच्या राखेतून आमचं विद्यापीठ सिलिकाची पूड काढतं, इतकी बारीक की तिच्या कणापुढे केससुद्धा वासा वाटावा. प्रयोगशाळेत चमचाभर निघाली की सगळे टाळ्या वाजवतात. आता धाटावच्या एका कंपनीबरोबर ती पोत्यांनी काढायची आहे. पुढच्या सोमवारची चाचणी झाली नाही तर करार मोडणार, आणि करारासोबत माझी नोकरीही. (आईला बोलू नकोस. मला मात्र झोप नाही.) म्हणून तूस धुऊन, वाळवून पोती आपल्या खळ्यावर रचली होती. ती बघायला गेल्या शनिवारी आमच्या प्रमुख अंतरा मॅडम मुक्कामाला आल्या. थंडीत पाहुणा आला आणि पोपटी लावली नाही, असं आपल्याकडे कधी झालंय? मडक्यात पाला, वालाच्या शेंगा, कोंबडी भरून पोपटी लावायला आलेल्या माणसाने ते उपडं घातलं आणि मी केळीची पानं आणायला परसात गेलो. जाळायचा पेंढा दवाने ओला. "पाव्हणी उपाशी जायाची काय? ह्यो भुसा हाय ना, सुका खडखडीत!" असं म्हणत पोपटीवाल्याने पोतीच्या पोती मडक्यावर ओतली. मॅडम हात शेकत म्हणाल्या, आच किती एकसारखी आहे, आपल्या भट्टीला हेच जमत नाही. शेंगा दोनदा मागून घेतल्या. सकाळी बघतो तर राख मातीत कालवून वाया गेलेली आणि एकच पोतं शिल्लक, तेही वर मांजर झोपलं होतं म्हणून. मॅडम आदल्या दिवशी चाटलेली बोटं तेवढी बघत राहिल्या.

बाकी सर्व क्षेम.

तुझा,
आदेश

ता. क. : तूस त्याच शेतातलं लागतं. तुझ्या कणगीतलं वर्षाचं भात या आठवड्यात भरडून घे ना. तांदूळ तुझे, तूस माझं. तांदळात किडे झाले तर मी येऊन निवडीन. निकेशचा टेम्पो रिकामा धाडू नकोस.

आणखी एक : पोपटीवाल्याचं नाव न सांगण्याचं वचन मी दिलंय. पण शनिवारी भावोजी ज्या शर्टात डबल शिफ्टला म्हणून गेले होते, तो अजून धुतला नसेल तर हुंगून बघ. पोती गिरणीत वाहायला मग दुसरा माणूस शोधावा लागणार नाही.